युद्धाचा अखत्यार

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या कलमात काँग्रेसच्या अधिकारांची जी यादी दिली आहे, तीत कर बसविणे, कर्ज काढणे, नाणी पाडणे, टपालकचेऱ्या उघडणे या गोष्टींच्या पंक्तीतच युद्ध पुकारण्याचा अधिकारही नमूद केलेला आहे. आणि दुसऱ्या कलमात राष्ट्राध्यक्ष हा भूदल व नौदल यांचा सरसेनापती राहील, असे म्हटले आहे. या दोन तरतुदींमध्ये जी जागा मोकळी राहिली, तिच्यावर हक्क कोणाचा, हा वाद त्या देशात दोन शतकांहून अधिक काळ चालला आहे. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारल्याचा शेवटचा प्रसंग १९४२ च्या जून महिन्यातला असून ते युद्ध बल्गेरिया, हंगेरी व रुमानिया यांच्याविरुद्ध होते. त्यानंतर कोरिया झाले, व्हिएतनाम झाले, इराक आणि अफगाणिस्तान झाले. परंतु युद्ध पुकारल्याचा ठराव पुन्हा झाला नाही.

ज्या दोन वडीलधाऱ्यांचा संवाद पुढे देत आहे, त्यांपैकी तात्यांनी सारी हयात जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली केली, आणि कागदावरचा हक्क व प्रत्यक्षातला कब्जा यांत किती अंतर पडू शकते, हे त्यांच्याइतके थोड्यांना ठाऊक असेल. मेजरसाहेब १९७१ साली पूर्व आघाडीवर होते. त्या वेळी त्यांना कमिशन मिळून वर्षही झाले नव्हते. दोघांचीही मुले अमेरिकेत स्थायिक झालेली असल्याने त्या देशाचा राज्यकारभार त्यांना घरच्या प्रश्नासारखा वाटतो, आणि त्याविषयी ते वाचून, विचार करूनच बोलतात.

तात्या : मेजरसाहेब, आधी मूळ दस्तऐवज पाहू. १७८७ च्या ऑगस्टची १७ तारीख. फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेपुढे जो मसुदा होता, त्यात युद्ध करण्याचा अधिकार विधिमंडळाला दिलेला होता. दक्षिण कॅरोलिनाचे पियर्स बटलर उठले आणि म्हणाले की तो राष्ट्राध्यक्षाकडे सोपवावा. त्यांच्या बाजूने एकही प्रतिनिधी उभा राहिला नाही. उलट, प्रजासत्ताकाच्या सभेत असली सूचना कानी पडेल अशी आपली कल्पनाही नव्हती, असे एल्ब्रिज गेरी यांनी बोलून दाखविले. मग मॅडिसन आणि गेरी यांनी मिळून दुरुस्ती सुचविली, की विधिमंडळाकडे युद्ध पुकारण्याचा अधिकार असावा, म्हणजे अकस्मात आलेला हल्ला परतवून लावण्यास राष्ट्राध्यक्ष मोकळा राहील. जॉर्ज मेसन यांनी तर युद्धाची वाट सोपी करण्यापेक्षा तिच्यात अडसर घालावा, हे उघड सांगितले. हेतूबद्दल याहून स्पष्ट पुरावा कोणत्या न्यायालयाला हवा असतो?

मेजरसाहेब : पुरावा मला मान्य आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. अकस्मात हल्ला परतवून लावणे, हे काम सुरू कोठे होते आणि संपते कोठे, हे त्या परिषदेने सांगितले नाही, कारण ते कोणालाच सांगता येत नाही. यादवी युद्धाच्या आरंभी, १८६१ च्या एप्रिलात, फोर्ट सम्टर पडला, तेव्हा काँग्रेसचे अधिवेशन चालू नव्हते. लिंकन यांनी ७५ हजार स्वयंसैनिक मागविले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, खजिन्यातून विनामंजुरी पैसा खर्च केला. काँग्रेसला त्यांनी बोलाविले ते ४ जुलैसाठी! त्या अडीच महिन्यांत ते कायद्याची पाने उलटीत बसले असते, तर ज्या राज्यघटनेविषयी आपण बोलतो आहोत ती उरली असती काय? पुढे सर्वोच्च न्यायालयानेही नाकेबंदी वैध ठरविली.

तात्या : पाच विरुद्ध चार मतांनी. आणि लिंकन यांचे नाव तुम्ही काढलेत, म्हणून त्यांचा आधीचा इतिहासही ऐका. १८४६ साली राष्ट्राध्यक्ष पोक यांनी न्यूएसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधल्या वादग्रस्त मुलखात फौज घातली, चकमक झाली, आणि अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकनांचे रक्त सांडले असे सांगून त्यांनी काँग्रेसकडून युद्धाचा ठराव करवून घेतला. पुढच्याच वर्षी इलिनॉयमधून निवडून आलेल्या, नव्याने सभागृहात बसलेल्या लिंकन यांनी ठराव मांडून विचारले, की ते रक्त ज्या जागेवर सांडले ती नेमकी जागा दाखवा आणि ती आपली होती हे सिद्ध करा. १८४८ च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी असे नोंदविले, की हे युद्ध राष्ट्राध्यक्षाने अनावश्यकपणे आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केले. त्या ८५ जणांत लिंकन होते. हाच मनुष्य १८६१ साली सत्तेवर असताना काय करतो? केलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब ४ जुलैला काँग्रेसपुढे ठेवतो आणि मंजुरी मागतो. लिंकन यांचा दाखला द्यावयाचा तर तो सगळाच दिला पाहिजे.

मेजरसाहेब : तर मग कोरिया घ्या, कारण आजच्या जगाशी त्याचेच नाते अधिक जवळचे आहे. २५ जून १९५० ला उत्तरेचे सैन्य ३८ अक्षांश ओलांडून आले आणि २८ तारखेस सोल पडले. तीन दिवस, तात्या! सैन्यात ज्याने एखादी तुकडी हलविली आहे, त्याला तीन दिवस म्हणजे काय हे समजते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने मदतीचा ठराव केला, सोव्हिएत प्रतिनिधी बहिष्कारामुळे गैरहजर होता म्हणून तो होऊ शकला, आणि ट्रूमन यांनी विमाने, आरमार आणि पाठोपाठ पायदळ धाडले. सिनेटमध्ये पंधरा दिवस भाषणे झाली असती तर पुसान बंदरसुद्धा हाती राहिले नसते.

तात्या : पहिल्या तीन दिवसांबद्दल माझी फिर्याद नाही. पण त्या वेळी काँग्रेसचे अधिवेशन चालू होते. २८ जूनलाच सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट उभे राहिले आणि म्हणाले, की राष्ट्राध्यक्षाला या कृतीचा कायदेशीर अधिकार नाही, मात्र ठराव पुढे आला तर आपण त्याला मत देऊ. विरोधी पक्षाचा अग्रणी नेता मत द्यावयास तयार असताना ते मागितले का गेले नाही? जुलैच्या आरंभी राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीत परराष्ट्रमंत्री ॲचिसन यांनी सल्ला दिला की ठराव मागू नये. आणि त्यांच्या खात्याने पूर्वीच्या राष्ट्राध्यक्षांनी परस्पर सैन्य धाडल्याचे ८५ दाखले जमवून एक टिपण तयार केले. ज्या कायद्याने अमेरिका संयुक्त राष्ट्रांत सहभागी झाली, त्या १९४५ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, की सुरक्षा समितीला सैन्य पुरविण्याचे करार काँग्रेसच्या मंजुरीनेच होतील. आणि तशी ग्वाही स्वतः ट्रूमन यांनी पॉट्सडॅमहून सिनेटला तारेने दिली होती. पाच वर्षांत ती ग्वाही कोठे गेली? वार्ताहर परिषदेत एकाने विचारले, याला संयुक्त राष्ट्रांच्या नावाने चाललेली पोलिसी कारवाई म्हणावे काय, आणि त्यांनी होकार भरला. त्या कारवाईत सुमारे ३६ हजार अमेरिकन मृत्युमुखी पडले.

मेजरसाहेब : आणि दक्षिण कोरिया आज स्वतंत्र आहे.

तात्या : आहे, आणि त्याचा आनंद मलाही आहे. परंतु स्वतंत्र राहिला तो ३८ अक्षांशाच्या दक्षिणेचा मुलूख, आणि तो सप्टेंबरअखेर पुन्हा हाती आला होता. ऑक्टोबरात अक्षांश ओलांडून उत्तरेत घुसणे, यात अकस्मात हल्ला परतवण्याचा भाग कोणता होता? आपले पेकिंगचे राजदूत सरदार पणिक्कर यांना २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर चाऊ एन-लाय यांनी बोलावून घेतले आणि सांगितले, की अमेरिकन फौजा अक्षांशापलीकडे आल्या तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीने तो इशारा जशाचा तसा पुढे पोहोचविला. वॉशिंग्टनने तो पोकळ धमकीत काढला, पणिक्कर चीनधार्जिणे आहेत असे ठरवून बाजूला ठेवला. महिना उलटण्याच्या आत चिनी सैन्य यालू नदी उतरून आले. युद्धाचा हेतूच बदलत होता, मेजरसाहेब. त्या घडीला तरी देशाच्या प्रतिनिधींना विचारावयास हवे होते.

मेजरसाहेब : विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते? इंचॉनचा विजय नुकताच झाला होता; सभागृहाने अक्षांशच काय, यालू ओलांडण्याचाही पुकारा केला असता. तात्या, तुमच्या युक्तिवादात एक गृहीत आहे, की एका माणसापेक्षा पाचशे माणसे अधिक शहाणी असतात. इतिहास तसे सांगत नाही. टोंकिनच्या आखातातील घटनेनंतर ५ ऑगस्ट १९६४ ला जॉन्सन यांनी अधिकार मागितला. प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी तो दिला. ज्या दुसऱ्या हल्ल्याच्या बातमीवर मतदान झाले, तो हल्ला झालाच नव्हता, हे पुढे सिद्ध झाले. फक्त मोर्स आणि ग्रूनिंग हे दोघे सिनेटर विरोधात उभे राहिले, आणि चार वर्षांनी दोघेही निवडणुकीत पराभूत झाले. २००२ साली इराकसाठी पुन्हा तेच, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. सभागृहाच्या मंजुरीने ही युद्धे शहाणी झाली काय?

या ठिकाणी तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मेजरसाहेबांच्या बाजूने जे काही म्हणता येईल त्यात हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि काँग्रेसच्या अधिकाराचा कैवार घेणारे लेखक बहुधा त्याला बगल देतात.

तात्या : सभा अधिक शहाणी असते, असे मी म्हणणार नाही. ती नावानिशी जबाबदार असते, एवढेच म्हणतो. २००२ च्या त्या ७७ जणांत हिलरी क्लिंटन होत्या. सहा वर्षांनी त्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागू लागल्या, तेव्हा ते मत त्यांच्यापुढे उभे राहिले, आणि ज्याने त्या युद्धाला आरंभापासून विरोध केला होता त्याने त्यांना मागे टाकले. फुलब्राइट यांनी टोंकिनचा ठराव सिनेटमध्ये स्वतः चालविला होता. म्हणूनच पुढे त्यांनी परराष्ट्र समितीपुढे जाहीर साक्षी घेऊन देशाला व्हिएतनामविषयीचे सत्य ऐकविले. चुकीचे मत दिलेल्या माणसाला जाब विचारता येतो. मतच न दिलेल्याला काय विचारणार? सभासदांनाही हे पक्के कळलेले आहे, आणि म्हणून ते मतदान टाळतात. २८ एप्रिल १९९९ चा दिवस तुम्हांला आठवतो काय?

मेजरसाहेब : कोसोव्हो.

तात्या : कोसोव्होच. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकमाने युगोस्लाव्हियावर बाँबफेक सुरू होऊन महिना झाला होता. कॅलिफोर्नियाचे टॉम कॅम्बेल यांनी, स्वतः कायद्याचे प्राध्यापक असल्याने, सभागृहाला भूमिका घेण्यास भाग पाडावयाचे ठरविले. त्या एका दिवसात प्रतिनिधिगृहाने काय काय केले, ते पाहा. युद्ध पुकारावे काय? नाही, ४२७ विरुद्ध २. सैन्य परत बोलवावे काय? नाही, २९० विरुद्ध १३९. हवाई हल्ल्यांना मान्यता द्यावी काय? २१३ विरुद्ध २१३, म्हणजे ठराव फेटाळला गेला. आणि पुढच्या महिन्यात त्याच मोहिमेसाठी राष्ट्राध्यक्षाने मागितली होती त्याच्या सुमारे दुप्पट रक्कम मंजूर केली! बाँबफेक ७८ दिवस चालली. कॅम्बेल सहकाऱ्यांसह न्यायालयात गेले, तर न्यायालयाने सांगितले की तुम्हांला फिर्याद करण्याचा अधिकारच नाही. सभागृहाकडे स्वतःची साधने आहेत, ती वापरा. २०११ साली लिबियाच्या वेळी हेच घडले: एकाच दिवशी प्रतिनिधिगृहाने मोहिमेला मान्यता नाकारली, आणि तिचा पैसा रोखण्याचा ठरावही नाकारला.

मेजरसाहेब : तर मग तुम्हीच माझा दावा सिद्ध केलात. तुम्ही दिवाणी वकील आहात. मालक डोळ्यांदेखत दुसऱ्याला जमीन कसू देतो, बारा वर्षे तक्रार करीत नाही, तेव्हा कायदा काय म्हणतो? दोनशे वर्षांची वहिवाट आहे. १९५२ च्या पोलाद कारखान्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनीदेखील हेच मान्य केले, की काँग्रेसला ठाऊक असून तिने हरकत न घेतलेली, दीर्घकाळ अखंड चाललेली पद्धत घटनेच्या अर्थाला उजाळा देते.

तात्या : वहिवाट मालकाविरुद्ध लागू पडते, विश्वस्ताच्या गफलतीने लाभधारकाचा हक्क बुडत नाही. काँग्रेस या अधिकाराची मालक नाही. अमेरिकेच्या जनतेने तिच्याकडे तो ठेव म्हणून दिला आहे. आणि ज्या खटल्याचा दाखला दिलात, त्याचा निकाल ट्रूमन यांच्या विरुद्ध गेला. कोरियातील युद्धासाठी पोलाद हवे म्हणून त्यांनी देशातले कारखाने सरकारजमा केले होते. सहा विरुद्ध तीन मतांनी तो हुकूम रद्द झाला. त्यात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी जे लिहिले ते मला फार मोलाचे वाटते. राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या मर्जीने परदेशात फौजा गुंतवावयाच्या आणि त्याच कारणास्तव देशातील कारभारावरही आपला अधिकार वाढवून घ्यावयाचा, यासारखी घातक शिकवण दुसरी नाही, असा त्यांचा आशय आहे. हे जॅक्सन एकेकाळी रूझवेल्ट यांचे महान्यायवादी होते. राष्ट्राध्यक्षाच्या गरजा त्यांना बाहेरून कळलेल्या नव्हत्या.

मेजरसाहेब : मग १९७३ चा कायदा आहे ना? निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने तो केला. सैन्य गुंतविल्यापासून ४८ तासांत कळवावे, ६० दिवसांत मंजुरी न मिळाल्यास परत बोलवावे. आणखी काय हवे?

तात्या : त्या कायद्याचा कणा असा होता, की दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने सांगितले, तर राष्ट्राध्यक्षाने सैन्य मागे घ्यावे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका प्रकरणात निकाल दिला, की राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय असे ठराव बंधनकारक होत नाहीत. परिणाम काय झाला? २०२० च्या आरंभी इराणचे सेनानी सुलेमानी यांची अमेरिकेकडून हत्या झाल्यावर इराणशी युद्ध मंजुरीविना होऊ नये असा ठराव सिनेटने ५५ विरुद्ध ४५ मतांनी केला, प्रतिनिधिगृहानेही केला, राष्ट्राध्यक्षाने नाकारला, आणि दोनतृतीयांश न मिळाल्याने तो मेला. घटनाकारांची इच्छा होती की युद्ध सुरू करण्यास बहुमत लागावे. आता युद्ध थांबविण्यास दोनतृतीयांश लागतात. एवढा उलटा व्यवहार कोणत्या वहिवाटीने समर्थनीय ठरेल? आणि मेजरसाहेब, १९७१ चा डिसेंबर तुम्ही मैदानात काढला आहे. एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले, ते कोणाला विचारून?

मेजरसाहेब : कोणालाच नाही. आम्हांला ती बातमी छावणीत रेडिओवर कळली. पण त्याहून वाईट जे होते, ते दप्तरे खुली झाल्यावर पुष्कळ वर्षांनी वाचले. पाकिस्तानला शस्त्रे देण्यावर बंदी असताना इराण आणि जॉर्डन यांच्यामार्फत अमेरिकन बनावटीची विमाने पोहोचवावीत, अशी मसलत निक्सन आणि किसिंजर यांच्यात झाली. हे बेकायदा आहे असे त्यांच्याच लोकांनी त्यांना सांगितले, आणि तरीही ती झाली. ढाक्याहून त्यांच्याच वकिलातीतील आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्ये निषेधाची तार केली होती. त्या मसलतीचे समर्थन मी कधी केले नाही, आजही करणार नाही. परंतु आपल्याकडे काय होते? ३ डिसेंबरला हल्ला झाला आणि लढाईचा हुकूम मंत्रिमंडळाने दिला. आपल्या घटनेत तर युद्धापूर्वी संसदेचे मत घेण्याची अटच नाही.

तात्या : नाही, कारण ती वेगळ्या रीतीने घातलेली आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा सादर करताना बाबासाहेबांनी, जे स्वतः कोलंबियात शिकून त्या देशाला जवळून ओळखत होते, घटनासमितीला हा फरक समजावून दिला: अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, आपण निवडलेल्या पद्धतीत उत्तरदायित्व अधिक, येथे कारभाऱ्याची झडती निवडणुकीपुरती राहत नाही, ती सभागृहात रोज घेतली जाते. १९६२ च्या ऑक्टोबरात नेफात पराभव झाला आणि ७ नोव्हेंबरला, लढाई संपलेली नसताना, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. पंतप्रधानांची मर्जी त्यांच्यावर होती, पण पक्षाच्या खासदारांपुढे ती टिकली नाही. त्यांच्या जागी यशवंतराव गेले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला महाभियोगाखेरीज चार वर्षे कोणी हलवू शकत नाही. म्हणून तेथे युद्धाचे कुलूप वेगळ्या पेटीत ठेवावे लागले. ते कुलूप काढले, तर मागे काही उरत नाही.

मेजरसाहेब : कुलूप राहू द्या, पण आग लागली की किल्ली शोधीत बसण्याची पाळी सेनापतीवर येऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

दोघांचे बोलणे येथे संपले नाही, पण नवे काही त्यात आले नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर मेजरसाहेबांची मागणी पहिल्या अठ्ठेचाळीस तासांना पुरती लागू पडते आणि साठाव्या दिवसाला मुळीच पडत नाही. कोरियात, कोसोव्होत, लिबियात, सवाल अठ्ठेचाळीस तासांचा नव्हता. महिन्यांचा आणि वर्षांचा होता, आणि त्या साऱ्या अवधीत काँग्रेसची दारे उघडी होती. दोषाची मोठी वाटणी मी व्हाइट हाउसकडे देत नाही. अधिकार मिळेल तितका वापरणे ही कारभाऱ्याची प्रकृतीच आहे, आणि ती ओळखूनच मॅडिसन यांनी विधिमंडळाच्या हाती खजिना दिला. खजिना हाती असून जे सभागृह युद्धाला होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, त्याने रणांगणावर पाठविलेल्या सैनिकाशी आणि त्याच्या घरच्यांशी केलेला हा विश्वासघात आहे, असे मी गंभीरपणे मानतो. १९५० साली टॅफ्ट यांनी मत देण्याची तयारी दाखवून हरकत घेतली, ती रीत खरी होती. युद्धाला अनुकूल असलेल्यानेही मतदानाचा आग्रह धरावा, यातच त्या घटनेचा सन्मान आहे.

उपायही अज्ञात नाही. मंजुरी न मिळाल्यास पैसा आपोआप बंद पडावा, म्हणजे मौन हे संमती ठरण्याऐवजी नकार ठरेल आणि मोहीम चालवावयाची असेल त्याला बहुमत गोळा करावे लागेल. २०२१ च्या जुलै महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे ख्रिस मर्फी, रिपब्लिकन पक्षाचे माइक ली आणि अपक्ष बर्नी सँडर्स या सिनेटरांनी, एरवी ज्यांचे क्वचितच एकमत होते, मिळून असेच विधेयक मांडले. साठ दिवसांची मुदत त्यात वीसवर आणली होती. ते विधेयक सिनेटमध्ये मतास आलेच नाही.